फुकटातलं सगळं संपलं

सोमवार, ११

सून एकाएकी गोड झाली आहे. काहीतरी शिजतंय.

सकाळी कामावर जाता जाता आली ती वर्तमानपत्राचं कात्रण घेऊनच. वर ठळक अक्षरांत — ‘या आठवड्यात शहरात : खिशाला झळ न लावता मजा’. खाली वारानुसार सगळं मांडलेलं आणि तिने लाल पेनाने खुणा केलेल्या. उद्या संग्रहालयाला तिकीट नाही. परवा नदीवरच्या लाँचचं तिकीट अर्धं. मग रद्दीच्या भावात पुस्तकं, मग आणखी काय काय. “आई, घरात बसून बसून तुम्ही पार भिंतीसारख्या झालात,” म्हणाली. भिंतीसारखी म्हणजे कशी, ते विचारायचं राहिलं.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी कुठे जाते, कुठे बसते, याची चौकशी तिने कधी केली नव्हती. तिची नोकरी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची. त्यांच्या बिऱ्हाडी परतली की तिला माणसाचा आवाज नको असतो, असं मुलगाच सांगतो. आणि आता माझ्या करमणुकीची एवढी काळजी? रोज दुपारी एक ते पाच मी बाहेर असावं म्हणे. वेळसुद्धा तिनेच ठरवून आणली. का, तर म्हणाली, तेव्हा ऊन कलतं. एक वाजता ऊन कलतं?

मला न कळायला काय झालं. रविवारी एक चष्मेवाला येणार आहे ह्यांचं दुकान भाड्यासाठी बघायला. त्याच्या आत मला बाहेर काढून मापं घ्यायची असतील, सामान हलवायचं असेल. म्हातारी घरात असली की मध्ये मध्ये येते.

पुढची खोली म्हणजे ह्यांचं कुलूपकिल्लीचं दुकान. रस्त्याकडचं शटर हे गेले त्या दिवसापासून खाली आहे, आतून अडसर घातलेला. आतलं दार माझ्या स्वयंपाकघरात उघडतं. त्याला कुलूप, त्याची एकच किल्ली, ती माझ्या गळ्यात. मुलाचं म्हणणं, भाड्याने द्यावं. मी ‘बघू’ म्हणाले. त्याने त्याचा अर्थ ‘हो’ असा लावला. लहानपणापासून तो तसाच लावतो.

आत सगळं होतं तसं आहे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या. बाकाला लोखंडी पकड, आणि पकडीत वरच्या मजल्यावरच्या बाईच्या कपाटाची किल्ली, अर्धी कानसलेली. दोन दात झाले होते. तिसऱ्याला हात घातला आणि हे छाती धरून खाली बसले. ती किल्ली मी कुणाला काढू दिलेली नाही. वरची बिचारी म्हणते, राहू दे, माझ्या कपाटात आहे तरी काय! मी रोज संध्याकाळी कुलूप काढते, दारात थोडा वेळ उभी राहते, परत लावते. बोलत नाही काही. बोलायची सवय होती ती समोरून उत्तर यायचं म्हणून.

उद्या जाईन संग्रहालयात. नाही म्हटलं तर सावध होतील.


मंगळवार, १२

गेले. मोठी इमारत, थंडगार, पायऱ्याच पायऱ्या. पहिल्या दालनात पेंढा भरलेला वाघ, त्याच्या एका डोळ्याच्या जागी बटण बसवलेलं. पहारेकरी खुर्चीवर झोपलेला. वाघापेक्षा तोच जास्त मेलेला वाटत होता. मला हसू आलं. मोठ्याने आलं, माझंच मला दचकायला झालं. किती दिवसांनी हा आवाज ऐकला!

वरच्या मजल्यावर जुन्या काळच्या पेट्या आणि कुलपं. एक किल्ली माझ्या हाताएवढी लांब. काचेला नाक लावून दात मोजत होते आणि म्हटलं, “अहो, ही खिशात कशी ठेवत असतील?” डावीकडे बघितलं. हे नेहमी माझ्या डावीकडून चालायचे, त्यांचा उजवा कान शाबूत होता म्हणून. डावीकडे एक शाळेची रांग चालली होती.

मग बाकावर बसून राहिले.

आता मुद्द्याचं. संध्याकाळी दुकानाचं कुलूप उघडायला गेले. हे कुलूप रुसकं आहे, जन्मापासून. गावची कुलपं दुरुस्त केली, घरचं तसंच ठेवलं. किल्ली घालायची, किंचित वर उचलायची, गुडघ्याने दार ढकलायचं आणि मनात काहीतरी वाईटसाईट म्हणायचं, तेव्हा फिरते. आज लोण्यात सुरी जावी तशी फिरली! मी गुडघा लावला होता, तो तसाच हवेत राहिला.

किल्ली बाहेर काढली. दातांवर काळी पूड. बोट काळं झालं.

हे कुलपात तेल घालत नसत. तेलाला धूळ धरते म्हणायचे. पेन्सिलीचं शिसं खरवडायचे आणि त्याची पूड भोकात फुंकायचे. दुसऱ्याचं कुलूप उघडलं की त्याला पूड पाजल्याशिवाय उठायचे नाहीत. म्हणायचे, आपण कुणाच्या दारात न विचारता हात घातला, त्याचं काहीतरी भलं करूनच निघावं. म्हणून आमच्या घरात धड पेन्सिल कधी नसायची, सगळ्या बुटक्या. डबाभर ठेवून गेले आहेत. ही वही त्यांतल्याच एकीने लिहिते आहे.

मी कुलपात पूड घातलेली नाही. मग कुणी घातली?

आतलं काही गेलं नाही, काही हललेलं नाही. म्हणजे मला तरी दिसलं नाही. पण कुणीतरी किल्लीशिवाय कुलूप उघडलं, आत गेलं, बाहेर आलं, आणि जाताना कुलपाची सेवा करून गेलं. चोर असा असतो?


बुधवार, १३

मुलाला फोन केला. काही आडून आडून विचारलं. दुकानात कुणी गेलं होतं का? म्हणाला, आई, किल्ली तुझ्या गळ्यात, मग कोण जाणार? तुला एकटीला भास व्हायला लागलेत. मग आवाज मऊ करून, “रविवारपर्यंत थांब. एकदा ती खोली गेली की तुझ्या डोक्याला ताप नाही.” खोली गेली की! त्या दुकानाचा त्याला लहानपणापासून राग. शाळेत पोरं ‘किल्लीवाल्याचा’ म्हणून चिडवायची. ह्यांनी किती वेळा बाकावर बोलावलं, तो उंबऱ्याच्या आत आला नाही. ह्यांच्यानंतर चार माणसांत म्हणाला होता, आता आमच्या घरातलं कुणी पुन्हा त्या बाकावर बसणार नाही. सून तेव्हा पाणी देत फिरत होती.

मागच्या दाराची एक किल्ली मुलाकडे असते, अडीअडचणीला म्हणून मीच दिलेली. म्हणजे घरात शिरायला वाट आहे. दुकानाच्या कुलपाची मात्र कुणाकडे नाही.

तरी दुपारी लाँचवर गेले. घरात बसले असते तर मला संशय आलाय ते त्यांना कळलं असतं.

या काठावरून त्या काठावर. त्या काठाला सगळे उतरले, मी बसून राहिले. तिकीट फाडणारा आला. “आजी, उतरायचं नाही?” म्हटलं, नाही, परत जायचंय. “मग आलात कशाला?” म्हटलं, जायला. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि परतीच्या तिकिटाचे पैसे न घेताच पुढे गेला. पाणी करडं होतं आणि उगाचच चकाकत होतं. वाऱ्याने पदर तोंडावर येत होता. मजा आली हे कबूल करावं लागेल. सुनेला सांगायचं नाही.

संध्याकाळी दार उघडलं. पुन्हा लोण्यासारखं.

बाकाखाली पितळेचा चुरा. ताजा, पिवळाधमक. काल नव्हता — मी स्वतः झाडलं होतं. आणि पकडीतल्या किल्लीला तिसरा दात सुरू झाला आहे.

त्यांचं शेवटचं काम ते. त्यांच्या कानशीची शेवटची खूण जिथे होती तिथे कुणीतरी कानस फिरवली. पैसे नेले असते, हत्यारं नेली असती तरी एवढं वाटलं नसतं. पुसून टाकलं त्यांना.

सोडणार नाही.


गुरुवार, १४

पेन्सिलीची पूड, कानस, किल्लीशिवाय उघडलेलं कुलूप. हे सगळं येणारा माणूस एकच — तेलकट. बाजारात त्याचं किल्ल्यांचं दुकान. तरुणपणी आमच्याकडे कामाला होता. कुलूप दिसलं की तेलाची बुधली उलटी करायचा, म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. आता पन्नाशीचा बाप्या आहे पण अजून तेलकटच. त्याला आमचं सामान हवं असणार. मुलाशी आतून संधान असणार. आणि सुनेचं कात्रण हा त्याचाच भाग.

रद्दीच्या भावात पुस्तकं विकतात तो मांडव त्याच्या दुकानाच्या समोरच. आयतंच झालं. आधी पुस्तकं घेतली. तराजूत टाकायची, वजन होईल तेवढे पैसे. मी वाचायला उशिरा शिकले, तेही ह्यांच्या किल्ल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून — ‘डॉक्टर, मागचं दार’, ‘पिवळं घर, माडी’ — त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की अजून मला ते कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटतं. चार रहस्यकथा घेतल्या. तराजूवाला म्हणाला, मावशी, जाड घ्या, पातळ पुस्तकांत नुसता पुठ्ठाच वजनात भरतो. म्हटलं, खून तेवढाच असतो की.

मग तेलकटकडे. मला बघून उभा राहिला, स्टूल पुसलं. मी फिरवून न बोलता विचारलं, आमच्या दुकानात तू जातोस का? त्याचा चेहराच पडला. मालक गेल्यावर एकदा भेटायलाही आलो नाही, काकू, त्याचीच लाज वाटते, आणि तुम्ही हे विचारताय, असं काहीतरी म्हणाला. मी बोट दाखवलं, अजून काळं होतं. तो हसला. त्याच्या बाकावर तीन बुधल्या ओळीने. “पेन्सिल? मी? त्यावरून तर जन्मभर बोलणी खाल्ली.”

खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो कान ओढतो, मला माहीत आहे.

निघताना मात्र म्हणाला — “मालकांनी शेवटी शेवटी कुणाला तरी शिकवायला घेतलं होतं. दुपारचं येतात म्हणाले. हात हलका आहे, कान तयार आहे, म्हणाले. कोण ते विचारलं तर नुसते हसले.”

दुपारचं. जेवण आटोपलं की मी वाचनालयात जायची, दिवे लागायच्या आत परत. दुपारी घरी हे एकटेच.

एवढ्या वर्षांत मीठ कमी पडलं तरी ह्यांनी मला सांगितलं, आणि हे नाही सांगितलं?


त्याच दिवशी, नंतर

रहस्यकथेत होतं तसं केलं होतं. निघण्यापूर्वी दुकानाच्या दाराच्या फटीत माझा एक केस अडकवला होता. दार उघडलं की पडणार.

परत आले तर केस जागेवर. हायसं वाटलं. चष्मा लावून बघितलं.

माझा केस पांढरा आहे. हा काळा.


शुक्रवार, १५

काळा केस. बाईचा.

तर एक बाई आहे. दुपारी यायची, मी वाचनालयात असताना! आणि अजून येते. हात हलका आहे म्हणे. मी ह्यांच्यासाठी एवढं रडले. अजून रडते. ताटावर बसले की, कुकरची शिट्टी झाली की. आणि इथे हे!

वरच्या बाईवर गेला संशय. तिचीच किल्ली शेवटी हातात का होती? एवढीशी कपाटाची किल्ली, तिला इतके दिवस का लागावेत? साखर मागायच्या निमित्ताने वर गेले. वरची न्हाऊन केस वाळवत बसली होती. केस लालभडक, कसलंसं लावते. मी फार वेळ तिच्या डोक्याकडे बघत राहिले असणार, कारण ती म्हणाली, “तुम्हालाही लावून देऊ का? दहा वर्षं खाली उतरतील.” साखर घेऊन परत आले. माझ्या डब्यात साखर होतीच, वर आणखी झाली.

दुपारी कात्रणात होतं न्यायालय. कुणीही जाऊन बसू शकतं, फुकट. वर पंखा, बसायला बाक, समोर माणसं एकमेकांना खोटं पाडताहेत! दोन शेजाऱ्यांचा गटाराच्या पाइपावरून दावा. वकिलाने साक्षीदाराला विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? तो म्हणाला, पाहिलं नाही, पण माझी खात्री आहे. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, खात्री घरी ठेवा, पाहिलेलं तेवढं सांगा.

शेजारी एक गृहस्थ शेंगा खात बसले होते. हळूच म्हणाले, रोज येतो, घरी एवढी माणसं नाहीत. मला त्यांच्या शेंगा घ्याव्या लागल्या.

तर उद्या बघायचंच. खात्री पुरे झाली.

संध्याकाळी सून येऊन गेली. उद्या बागेत बँड आहे, पोलिसांचा, आई तुम्ही नक्की जा, पुढची खुर्ची धरा. मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं. विचारलं, तुझी कामाची पाळी कधी असते गं आताशा? “सकाळची,” म्हणाली. “बारा वाजता सुटते.” बारा वाजता सुटते. आणि घरी पोचते कधी, ते मुलाकडून मला माहीत आहे — साडेपाच.

केस काळे आहेत तिचे. ते काय, सगळ्या शहराचे आहेत.

ती गेल्यावर दरवाजा लावून घेतला. रविवारी चष्मेवाला. म्हणजे ही एक दुपार उरली त्यांना काय करायचं ते करायला. आणि मला पकडायला.


शनिवार, १६

सावकाश लिहिते.

एक वाजता सगळ्यांना दिसेल अशी निघाले. वरचीला ओरडून सांगितलं, बागेत चालले. बागेत पहिल्या रांगेत बसले. बँडवाल्यांचे बूट चकचकीत, ढोल वाजवणारा एवढा लठ्ठ की ढोल त्याच्या पोटाचाच भाग वाटावा. एक गाणं झालं. दुसऱ्याला उठले. शेजारची म्हणाली, अहो, खुर्ची जाईल. म्हटलं, जाऊ दे.

मागच्या दाराने आले. कडी आतून नव्हती. चपला हातात घेतल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि दुकानाच्या उंबऱ्याशी चपलांचा एक जोड दिसला, नीट जुळवून ठेवलेला. डाव्या पट्ट्याला दोऱ्याचा टाका. तो टाका मीच घालून दिला होता.

सून.

म्हणजे ओळखलं होतं तेच. पुसून टाकणारी हीच, विकणारी हीच. ओट्यावरचं उलथणं उचललं. कशाला उचललं माहीत नाही. दार ढकलणार, इतक्यात आतून आवाज आला.

कानस. दोनदा घास, मग फुंकर. दोनदा घास, मग फुंकर.

तो आवाज मी आयुष्यभर भाकऱ्या थापताना, भांडी घासताना, झोप लागता लागता ऐकला आहे. असं दुसरं कुणी कानसत नाही. तेलकट तीनदा घासायचा आणि फुंकर मारायची विसरायचा. तिथेच फरशीवर बसले, उलथणं मांडीत. डोळे मिटले. थोडा वेळ, खरं सांगते, आत हेच होते.

मग आवाज थांबला आणि सून बोलायला लागली. आधी वाटलं फोनवर. तोच तिचा कामावरचा आवाज, लोणी लावलेला. “आपली अडचण समजली. जरा थांबा, घाई करू नका, आपलं काम होईल.” किल्लीशी बोलत होती. किल्लीशी! मग तो आवाज सोडून, आपल्या खऱ्या आवाजात —

“बाबा, तिसरा दात तुमच्यासारखा येत नाही हो. कलतोय.”

मी तोंडावर पदर धरला.

थोडं घासलं. फुंकर. परत बोलली. ह्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून बोलत असणार, कारण मधे मधे थांबत होती, उत्तराला जागा ठेवावी तशी. उद्यापासून ही खोली नसेल, म्हणाली. निदान वरच्या काकूंची किल्ली तुम्ही सुरू केलीत ती आपल्या हातून पुरी व्हावी. घरात सांगितलं असतं, पण तुमच्या मुलाला बाक म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. “आणि आईंना सांगायचं तर तुम्हीच म्हणालात, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

म्हणजे तुम्हीच सांगितलंत! गेलात तरी माझी बदनामी चालू आहेच.

शेवटी एक उसासा. “आता आईंना कुठे पाठवू सांगा. फुकटातलं सगळं संपलं.”

मला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्हीचा आवाज होऊ नये म्हणून उलथण्याची मूठ दातांत धरली. म्हातारी बाई, फरशीवर, तोंडात उलथणं. ह्यांनी बघायला हवं होतं.

तशीच मागच्या पावली उठले. चपला बाहेर जाऊन घातल्या. बागेत परत गेले. खुर्ची खरंच गेली होती. बँडवाले ढोलांना खोळी घालत होते, मी उभी राहून तेच बघितलं.

तिथे उभ्या उभ्या एक लक्षात आलं. एक ते पाच. ती वेळ सुनेने नाहीच ठरवली. ती माझी होती — वाचनालयाची. मी पुस्तक घेऊन घराबाहेर पडायची आणि ती मागच्या दाराने आत यायची, ह्यांच्याजवळ शिकायला. हे गेले, मी घरात बसले, आणि तिचं दार बंद झालं. केवढं दार आणि मी त्यापुढे किल्ली गळ्यात घालून बसलेली.

पाचनंतर आले. ती गेली होती. कुलूप लोण्यासारखं. पकडीत किल्ली, तीन दात पुरे. बोट फिरवून बघितलं. तिसरा किंचित कलता आहे. ह्यांनी तो चालवून घेतला असता, दोन शब्द बोलून.

वर जाऊन वरचीच्या कपाटात ती घातली. उघडलं. आत खरोखरच काही नव्हतं, दोन चादरी आणि उंदराची गोळी. वरची मात्र मला धरून रडली.

तिला सांगितलं नाही कुणी केली ती. कुणालाच सांगितलेलं नाही. बघा तीळ कसा भिजतो ते.


रविवार, १७

दुकानाची किल्ली हरवली. साखरेच्या डब्यात, अगदी तळाशी.

चष्मेवाला वेळेवर आला, हातात मापाची पट्टी. मुलगा माझ्या गळ्याकडे बघतो आणि घाम पुसतो. आई, आठव ना, कुठे ठेवलीस? मी म्हटलं, भास होतात रे मला, आठवत नाही. बाजारातून तेलकटला बोलावून आणतो म्हणाला. मी म्हटलं, “सुट्टीच्या दिवशी त्याला कशाला? घरात माणूस असताना.”

आणि सुनेकडे बघितलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पर्समधून फडक्यात गुंडाळलेल्या तारा काढल्या, दारापुढे गुडघे टेकून बसली, आणि नवऱ्याकडे मान न वळवता म्हणाली, “आई, पेन्सिल आहे का?”

सबंध डबाच तिला दिला. आजचं हे शाईने लिहिलं आहे.